फिक्सीला मागे दोन मापांचे कॉग लावले तर चालतं का?

या महिन्यात फिक्सीवाल्यांची (फिक्सी म्हणजे मागचा कॉग, दातेरी चकती, चाकाला पक्की जोडलेली सायकल, चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच) पत्रं जरा जास्तच आली, आणि सगळ्यांचा रोख शेवटी मागच्या दातांवरच, म्हणून पंक्चर, सीट, पाठदुखी वगैरे मंडळींना पुढच्या अंकापर्यंत थांबवलंय, राग मानू नका.

प्रश्न : माझी फिक्सी आहे, पुढे 46 दात मागे 16, टायर 700 बाय 25. मागचं हब (चाकाचा मधला गाभा) फ्लिप-फ्लॉप आहे, म्हणजे एका बाजूला फिक्स कॉग आणि दुसऱ्या बाजूला सध्या नुसतेच आटे. ऑफिसला जाताना सपाट रस्त्याला 16 मस्त वाटतो, पण रविवारी ग्रुपबरोबर बोपदेव घाट किंवा सिंहगडाकडे निघालो की गुडघे कुरकुरायला लागतात. दुसऱ्या बाजूला 19 चा कॉग लावू का? मेकॅनिक म्हणतो दर वेळी चेन तोडून जोडावी लागेल, हा उद्योग तुला झेपणार नाही. मित्र म्हणतो काही करावं लागत नाही, चाक काढायचं, उलटं करायचं, लावायचं. कोणाचं ऐकू? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : मित्राचं ऐका, पण मेकॅनिकला वेड्यात काढू नका कारण त्याची शंका बरोबर जागी आहे. सगळा खेळ चेनच्या लांबीचा आहे.

फिक्सीला चेन ताणून धरणारं स्प्रिंगवालं काही नसतं, चेन ताठ ठेवायची ती फक्त चाक मागे ओढून. आता मागचा कॉग एका दाताने मोठा केला की चेन त्याच्याभोवती अर्धी कडी जास्त गुंडाळली जाते, ती अर्धी कडी वरच्या आणि खालच्या दोन्ही पदरांतून मिळून येते, म्हणजे चाक पाव कडी पुढे सरकतं. चेनची एक कडी म्हणजे अर्धा इंच, 12.7 मिलिमीटर, त्याचा पाव म्हणजे 3.2 मिमी. हा आकडा लक्षात ठेवा, एका दाताला 3.2 मिमी. दोन दातांचा फरक असेल तर ॲक्सल साधारण साडेसहा मिमी सरकणार, तुमच्या 16 आणि 19 मध्ये तीन दात म्हणून साडेनऊ मिमी. कॉग मोठा की चाक पुढे, कॉग लहान की चाक मागे.

म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की तुमच्या फ्रेमच्या मागच्या खाचेत तेवढी जागा आहे का. पट्टी घ्या आणि मोजा. खाच किती लांब आहे त्यातून ॲक्सलची जाडी, 10 मिमी, वजा करा कारण ॲक्सल पूर्ण आत बसला पाहिजे, अर्धा बाहेर लोंबकळत ठेवून नट आवळणारे महाभाग मी पाहिलेत, तसलं काही करू नका. उरलेल्या जागेतून अजून तीनचार मिमी बाजूला ठेवा, ते चेन झिजण्यासाठी. चेन अर्धा टक्का लांबली तरी साधारण 95-100 कड्यांच्या चेनवर ती सहाएक मिमी होते, आणि चाक त्याच्या निम्मं म्हणजे 3 मिमी मागे जातं. थोडक्यात झिजलेली चेन स्वतःच एका दाताची जागा खाते. हे लोक विसरतात, पहिल्या दिवशी दोन्ही कॉग छान बसतात आणि काही महिन्यांनी लहान कॉगवर चेन ताठच होत नाही, मग मेकॅनिकला शिव्या.

अस्सल ट्रॅक पद्धतीच्या मागे उघडणाऱ्या खाचा असतील तर बहुतेक तीन दात जमून जातील. जुन्या रोड फ्रेमच्या, पुढे उघडणाऱ्या, आडव्या पण आखूड खाचा असतील तर दोनवर समाधान माना. आणि उभ्या खाचा असतील तर हा विषयच सोडा, तिथे एका कॉगची चेन ताठ बसवतानाच घाम निघतो.

चेन कशी कापायची? एकदाच, आणि मोठ्या कॉगवर. मोठा कॉग लावा, चाक खाचेत जवळजवळ पुढे ठेवा (टायर सीटच्या नळीला किंवा मडगार्डला घासत नाही ना तेवढं बघा), त्या जागी ताठ बसेल एवढी चेन ठेवा. मग चाक उलटं करून लहान कॉगवर तपासा, मागे खाच संपत तर नाही ना. मधेच अडकलात, म्हणजे एक जोडी कडी काढली तर फार आखूड आणि ठेवली तर फार सैल असं झालं, तर हाफ लिंक मिळते, तिच्यामुळे चाक 6.35 मिमीच्या टप्प्याने हलवता येतं, नाहीतर नेहमीच्या जोडीने एकदम 12.7 मिमीची उडी पडते. हाफ लिंक दिसायला बेंगरूळ असते पण काम करते.

ताण किती? चेन मधोमध बोटाने वरखाली केली तर साधारण सेंटीमीटरभर हलायला हवी, आणि हे पेडल पूर्ण एक फेरी फिरवून बघायचं, कारण पुढची चेनरिंग, म्हणजे पेडलजवळची दातेरी चकती, शंभर टक्के गोल कधीच नसते, एका जागी चेन ताठ होते एका जागी सैल. सगळ्यात ताठ जागेवर ती कुरकुरता कामा नये. जास्त सैल ठेवलीत तर चेन पडेल, आणि फिक्सीची चेन उतारावर पडली की मागचं चाक जाम व्हायला वेळ लागत नाही, त्यामुळे हा भाग आळसात उरकू नका.

आता मागच्या ब्रेककडे येऊ, कारण तिथे खरा धोका आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. तुमच्या पत्रात मागे ब्रेक आहे की नाही ते लिहिलेलं नाही. असला तर हे वाचा. चाक साडेनऊ मिमी मागे गेलं की ब्रेकची रबरं मात्र फ्रेमवर होती तिथेच राहतात, म्हणजे रिमच्या हिशोबाने ती पाचेक मिमी टायरच्या दिशेला जातात. मोठ्या कॉगवर, चाक पुढे असताना रबरं अगदी बरोबर बसवली आणि मग चाक उलटं करून लहान कॉगवर निघालात, तर रबर टायरच्या कडेला घासणार आणि टायर फाटणार, तोही नेमका ब्रेक दाबल्यावर. म्हणून रबरं नेहमी लहान कॉगवर, चाक मागे असताना सेट करायची, टायरच्या खाली पण रिमवरच. मोठ्या कॉगवर ती थोडी खाली येतील, ते चालतं. तीन दातांच्या फरकात ती रिमच्या खालच्या काठाबाहेर जातात का ते बघून घ्या, जात असतील तर दोनच दातांचा फरक ठेवा. पुढच्या ब्रेकला यातलं काहीच लागू नाही, आणि पुढचा ब्रेक नसेल तर आधी तो बसवा, मग कॉगचं बघू.

इतकं सगळं सांगून झालं, आता माझं खरं मत. तुमच्यासाठी दुसऱ्या बाजूला फिक्स 19 नको.

हिशोब करू. 46/16 ला पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण 6.05 मीटर जाते, 46/19 ला 5.10 मीटर. म्हणजे चढाला पायावरचा जोर 16 टक्क्यांनी कमी झाला. बरं वाटेल, नाही असं नाही. पण सिंहगडाच्या घाटात ताशी 8 किलोमीटरने चढताय असं धरलं तर 16 वर मिनिटाला 22 फेऱ्या पडतात आणि 19 वर 26. दोन्ही आकडे गुडघ्याचे शत्रूच. एवढ्या घाटासाठी लागणारा गियर तीन दातांत येत नाही हो. आणि मग उतार. ताशी 40 ला 16 वर मिनिटाला 110 फेऱ्या, 19 वर 131, आणि पाय थांबवायची सोय नाही. घाटात फिक्सीवर हाल होतात ते बहुतेक उतरताना, चढताना माणूस फार तर उतरून ढकलतो. तुम्ही चढ सोपा करायला जो कॉग घेताय तोच उतार अजून वाईट करतो.

म्हणून त्या बाजूला 19 चंच पण फ्रीव्हील घ्या, म्हणजे पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं तसलं. शहरात 16 फिक्स, घाटाच्या दिवशी घरूनच चाक उलटं करून 19 फ्रीव्हील, चढाला तोच फायदा आणि उतरताना पाय शांत. अट एकच, फ्रीव्हीलवर पाय उलटे दाबून वेग कमी होत नाही तेव्हा पुढचा मागचा दोन्ही ब्रेक हवेतच. मागे ब्रेक बसवायला फ्रेमला भोकच नसेल तर माझा सल्ला मागे घेतो, मग बोपदेवपर्यंत ठीक आहे पण सिंहगडाला मित्राची गियरची सायकल मागून न्या.

आणि चाक उलटं करायला 15 नंबरचा पाना बॅगेत ठेवा. दोन्ही नट एकदम न आवळता आलटूनपालटून थोडे थोडे आवळा, नाहीतर चाक तिरकं होतं. हात काळे होणार हे गृहीत धरा.

प्रश्न : ताई-दादा कोण असाल ते, एक विचारायचंय. मी मुलाची जुनी सिंगलस्पीड घेतली आणि तिला फिक्स करायची आहे. हबला दोन्ही बाजूंना आटे आहेत पण दुकानदार म्हणाला एकाच बाजूला फिक्स कॉग बसतो, दुसऱ्या बाजूला बसवला तर "बघा बुवा तुमचं तुम्ही". मला 17 आणि 18 असे दोन फिक्स कॉग हवे होते, एक वाऱ्यासाठी. यूट्यूबवर तर फ्रीव्हीलच्या बाजूलाच कॉग घट्ट बसवलेला दाखवतात. – एक वाचक, ठाणे

उत्तर : दुकानदार शहाणा आहे, त्याला सोडू नका.

हबच्या फिक्स बाजूला नीट बघितलंत तर आट्यांच्या दोन पायऱ्या दिसतील. आतली मोठी, तिच्यावर कॉग नेहमीसारखा उजवीकडे फिरवून बसतो. तिच्या बाहेर थोडी लहान पायरी, तिचे आटे उलटे, तिच्यावर लॉकरिंग, कॉग दाबून धरणारं कडं, बसतं. आटे उलटे का, तर तुम्ही पाय मागे दाबून वेग कमी करता तेव्हा कॉग सुटायच्या दिशेने जोर लावतो, तो जरा जरी हलला तरी लॉकरिंगला घट्ट करायच्याच दिशेने ढकलतो. फार हुशार रचना आहे, शंभर वर्षांच्या वर झाली तशीच चालू आहे.

फ्रीव्हीलच्या बाजूला एकच रुंद पायरी असते. कॉगचे आटे तिच्यावर बसतात, मापं तीच आहेत, 1.37 इंच आणि इंचाला 24 आटे, त्यामुळे बसतो आणि छान बसल्यासारखा वाटतो. पण उलटं लॉकरिंग लावायला तिथे जागाच नाही. काही जण ग्लू लावतात, काही जण बॉटम ब्रॅकेटचं (पेडलचा ॲक्सल फिरतो त्या जागेचं) लॉकरिंग वर चढवतात, ते उजव्या आट्यांचं असतं म्हणजे कॉग सुटला की तेही त्याच्याबरोबर सुटणार. इंग्रजी बोलणाऱ्या फिक्सीवाल्यांत अशा हबला सुसाइड हब म्हणतात, यावरून काय ते समजा. ट्रॅफिकमध्ये सिग्नलला पाय मागे दाबलात आणि कॉग सुटून नुसताच गरगरला तर थांबणार कशावर?

तुम्हाला दोन फिक्स हवेतच तर दोन्ही बाजूंना दोन पायऱ्या असलेलं हब घ्या, मिळतं, मागताना फिक्स-फिक्स म्हणून मागा. पण 17 आणि 18 मध्ये फरक फक्त सहा टक्क्यांचा आहे, त्यासाठी नवं हब, नवीन तारा, चाक विणायचे पैसे, मला तरी पटत नाही. खाडीवरचा वारा समोरून आला की तुम्हाला 19 आठवणार.

प्रश्न : दादा, मी अकरावीत आहे. चाक उलटं करायचा कंटाळा येतो, तर मागे एकाच बाजूला दोन कॉग शेजारी शेजारी लावले आणि चेन हाताने या कॉगवरून त्या कॉगवर टाकली तर? चेन सैल होणार हे मला कळतंय, त्यासाठी जुन्या गियरच्या सायकलचा डिरेलर (चेन या गियरवरून त्या गियरवर टाकणारा स्प्रिंगवाला हात) नुसता ताण द्यायला लावतो, लई भारी होईल. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : डोकं चांगलं चालतंय तुझं, पण डिरेलरवाली अर्धी कल्पना आत्ताच कचऱ्यात टाक. फ्रीव्हीलच्या सायकलला चेनचा वरचा पदर कायम ताठ आणि खालचा कायम सैल असतो म्हणून खाली स्प्रिंगवाला डिरेलर लावता येतो. फिक्सीला तू पाय मागे दाबलास की उलटं होतं, खालचा पदर ताठ होतो आणि सगळा जोर त्या डिरेलरच्या हातावर येतो. पहिल्यांदा तो वाकेल, नाहीतर फिरून तारांमध्ये जाईल. चेन टेन्शनर म्हणून जे काही विकतात त्यातलं स्प्रिंगचं काहीही फिक्सीला चालत नाही, कोणी कितीही सांगू दे.

दुसरी अर्धी कल्पना मात्र झकास आहे आणि लोक ती करतात. युक्ती अशी की मागे दोन कॉग तर पुढे पण दोन चेनरिंग, आणि दोन्ही जोड्यांची बेरीज सारखी ठेवायची. उदाहरणार्थ पुढे 46 आणि 43, मागे 17 आणि 20. 46 अधिक 17 म्हणजे 63, 43 अधिक 20 पण 63. मागे तीन दात वाढले तेवढेच पुढे कमी झाले, त्यामुळे चेन जवळजवळ तेवढीच पुरते आणि चाक सरकवायला लागत नाही. जवळजवळ म्हणतोय कारण अगदी शून्य फरक नाही पडत, पुढची आणि मागची चकती मापाने एकमेकींच्या जवळ आल्या की चेनला किंचित कमी लांबी लागते, या जोडीत दीडेक मिमी चाक मागे ओढावं लागेल. 46/17 आणि 44/19 अशी जोडी घेतलीस तर एकच मिमी. तेवढ्यासाठी सुद्धा नट सैल करून परत आवळावे लागतात, फिक्सीला चेन सैल सोडून चालत नाही, म्हणजे पाना आलाच. पण चाक बाहेर काढायचा त्रास वाचला, आणि ब्रेकची रबरं पण जिथल्या तिथे राहतात, वर कोथरूडच्या पत्रात लिहिलेली भानगड इथे होत नाही.

अजून एक फायदा. मागे नुसते 17 चे 20 केलेस तर गियर 15 टक्के हलका होतो. पुढेही 46 चे 43 झाले की एकूण 20 टक्के. तेवढ्याच खाचेत जास्त फरक मिळाला.

मागे दोन सुटे कॉग एकावर एक मात्र बसवायला जाऊ नको, लॉकरिंगला आटे उरत नाहीत आणि परत वरच्या ठाण्याच्या पत्रासारखी गत. त्यासाठी एकाच तुकड्यात दोन ओळी दात कापलेला कॉग मिळतो, सर्ली नावाची अमेरिकन कंपनी डिंगल या नावाने बनवते, 17 बरोबर 20 किंवा 21 असा. आपल्याकडे सहज मिळणार नाही, कोणी परदेशातून येणार असेल तर सांगून ठेव. पुढे दोन चेनरिंग बसणारा क्रँक जुन्या रोड सायकलचा चालेल. आणि बघायचं ते हे की बाहेरची रिंग बाहेरच्या कॉगच्या बरोबर रेषेत आणि आतली आतल्याच्या, मागे उभा राहून एक डोळा मिटून बघ, चेन तिरकी पळाली तर आवाज करेल आणि एक दिवस पडेल. जुळत नसेल तर बॉटम ब्रॅकेटचा ॲक्सल कमीजास्त लांबीचा घालून जुळवतात. चेन पण बघून घे, जाड चेन पातळ दातांवर चालते पण पातळ चेन जाड दातांवर बसतच नाही.

आणखी पैसे असतील तर स्टर्मी आर्चरने 2009 मध्ये तीन गियरचं फिक्स हब काढलं, एसथ्रीएक्स नावाचं, त्यात वरचा गियर सरळ, मधला 75 टक्के, खालचा 62.5 टक्के, आणि बदलायला हँडलला खटका. पण त्यात पाय पुढे दाबण्यातून मागे दाबण्याकडे जाताना मधे मोकळी जागा लागते, एक छोटा झटका, फिक्सीची मजा ज्या घट्टपणात आहे तोच जातो. मला नाही आवडत. तुला आवडेल कदाचित, कोल्हापुरातून पन्हाळ्याला जायचं तर कुठलाही खालचा गियर गोडच लागेल.

प्रश्न : पूर्वी म्हणे टूर द फ्रान्सवाले चाक उलटं करून घाट चढायचे, हे खरं की थाप? – एक वाचक, सातारा

उत्तर : खरं आहे. टूर 1903 ला सुरू झाली आणि तिचे सर्वेसर्वा आंरी देग्रांज यांना डिरेलर म्हणजे कमकुवत लोकांची चैन वाटायची, त्यामुळे शर्यतीत डिरेलरला बंदी. पण 1910 ला शर्यत पहिल्यांदा पिरेनीजमध्ये तुर्मालेवरून गेली, मग करायचं काय, तर मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगवेगळे दात. घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, नट सोडायचे, चाक उलटं करायचं, वर पोहोचलं की परत तेच. घाटात ती मंडळी फ्रीव्हीलच लावायची, हे आमच्या कोथरूडच्या मित्रांनी वाचावं. कधी उतरायचं हा सुद्धा डावपेचाचा भाग, कारण तुम्ही चाक उलटं करताय तेवढ्यात दुसरा पळाला तर गेला. त्याच काळात सेंट-एतिएनचे पॉल द व्हिव्ही, व्हेलोसिओ या टोपणनावाने लिहिणारे, गियरच्या बाजूने कंठशोष करत होते, पण शर्यतवाल्यांनी मनावर घेतलं नाही. देग्रांज आजारपणामुळे 1936 ला बाजूला झाले आणि 1937 च्या टूरला डिरेलर आला, ती टूर रोजे लापेबीने जिंकली.

याला जोडून एक गोष्ट सांगतात ती तुल्लिओ कंपान्योलो या इटालियन शर्यतपटूची. 1927 च्या नोव्हेंबरात इटलीत क्रोचे दाउने घाटात थंडीने बोटं बधिर झाली आणि चाकाचे पंखवाले नट सुटेचनात, त्यातून त्याला खटक्याने चाक सोडवायची क्विक रिलीज सुचली म्हणे. इतिहासवाले या गोष्टीवर नाकं मुरडतात, पण पावसाळ्यात कधी ओल्या हाताने नट सोडून बघा, खोटी वाटणार नाही.

प्रश्न : लंडनला असतो, 48/16 चालवतो. मागचा टायर एकाच जागी घासून पांढरा पडलाय, बाकी टायर नवा कोरा. टायर खराब निघाला का? दुसऱ्या बाजूला 18 लावायचा विचार आहे, त्याने फरक पडेल? – एक वाचक, लंडन

उत्तर : टायर निर्दोष आहे, गुन्हेगार तुमचा आकडा. स्किड मारताना, म्हणजे पाय रोखून मागचं चाक घसटत नेताना, पेडल नेहमी एकाच अवस्थेत, आडवं असतं. 48 ला 16 ने भाग जातो, बरोबर 3, म्हणजे पेडलच्या प्रत्येक फेरीला चाक पूर्ण तीन वेळा फिरून त्याच जागी येतं, आणि दर स्किडला तीच जागा रस्त्यावर घासते. नियम सोपा आहे, दातांचा अपूर्णांक होईल तेवढा लहान करा, खाली जो आकडा उरतो तेवढ्या जागा टायरवर. 48/16 म्हणजे 3/1, एक जागा. 48/18 म्हणजे 8/3, तीन जागा, म्हणजे थोडं बरं पण फार नाही. 48/17 लहान होतच नाही, सतरा जागा. वरचा आकडा विषम असेल आणि तुम्ही कधी डावा कधी उजवा पाय पुढे ठेवून स्किड मारत असाल तर जागा दुप्पट होतात.

म्हणून 16 काढून 17 लावा, आणि दुसऱ्या बाजूला 19, खाली 19 उरतो म्हणून एकोणीस जागा. 18 घेऊ नका असं मात्र म्हणवत नाही, कारण तुम्ही ज्या देशात राहता तिथे 48 ला 18 हा मानाचा आकडा आहे. 27 इंची चाक धरून, चाकाचे इंच गुणिले दातांचं प्रमाण, 48/18 म्हणजे बरोबर 72 इंचांचा गियर, आणि तिथल्या क्लबांत मिडियम गियर टाइम ट्रायलला (एकेकट्याने घड्याळाशी लावायची शर्यत) 72 इंचांचीच मर्यादा ठेवायची जुनी रीत आहे. जुने क्लबवाले हिवाळाभर फिक्सवर असायचे, त्यांच्या चाकांना दोन्ही बाजूंना आटे असायचेच. एखाद्या जुन्या सायकल बाजारात तसं हब दिसलं तर घेऊन ठेवा. आणि ब्रेक लावा हो, स्किड कमी मारली की टायर आपोआप जास्त टिकतो.

प्रश्न : नवीन कॉग घेताना जुन्या चेनवर चालतो का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : चालतो, पण कुरकुर करतो. चेन जुन्या कॉगबरोबर झिजून लांबलेली असते, नव्या दातांवर ती नीट बसत नाही, आवाज येतो आणि नवा कॉग लवकर घासतो. दोन कॉग वापरायचे ठरवलेच असतील तर दोन्ही कॉग आणि चेन एकदम नवी घ्या, आणि चेन अर्धा टक्का लांबली की बदला. मोजायला वेगळं हत्यार नको, बारा इंच म्हणजे चेनच्या 24 कड्या, पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत पट्टी धरा, बारा इंचांच्या वर इंचाचा सोळावा भाग पुढे गेली असेल तर चेनचा नंबर लागला.